उशिरा आलेला मुराळी

नागपंचमीच्या आधी दोन दिवस आमच्या घरात लाह्या फुटायच्या. आई चुलीवर खापर ठेवायची, त्यात मूठभर ज्वारी टाकायची आणि फडक्याच्या बोळ्यानं ती हलवत राहायची. आधी एखादाच दाणा तड करायचा, मग एकदम सगळेच. उडालेल्या लाह्या चुलीबाहेर पडल्या की कोंबड्या धावत यायच्या आणि आई त्यांना हाकलायची, पण लाडानं. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव कोरडवाहू. ज्वारी, बाजरी, मटकी, हुलगे, एवढंच पिकायचं आणि एवढंच खायचं. गोड म्हणजे गुळाचा खडा. थंड म्हणजे माठातलं पाणी. बर्फ नावाची वस्तू मी शाळेच्या पुस्तकात चित्रात पाहिली होती, आणि चित्रात तर तो पांढऱ्या दगडासारखाच दिसायचा. आता डॉक्टरांनी माझी साखर बंद केली आहे, फ्रिज घरात आहे आणि बर्फ कुणी खात नाही. पण त्या काळी गोड आणि गार या दोन गोष्टी एकाच पेल्यात असू शकतात, हे मला कुणी सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

मोठी बहीण सुमन, तिला मी अक्का म्हणतो. तिचं लग्न राहात्याजवळच्या एका गावात झालं. कालव्याचं पाणी, उसाचे फड, पेरूच्या बागा. आमच्या मानानं ते राज्यच. तिच्या घरात सासू, सासरे, दोन भाऊ आणि दोन सुना. अक्का धाकटी सून, शांता थोरली. पहिल्या पंचमीला अक्का येऊ शकली नाही, कारण ऐन पावसाळ्यात बैलानं ढुशी मारून सासऱ्यांची मांडी मोडली होती. म्हातारा खाटेवर, दारात तीन दुभत्या म्हशी. दोन्ही सुना एकदम माहेरी गेल्या तर उचलायला आणि धारा काढायला माणूस नाही. त्या वर्षी थोरली गेली आणि अक्का राहिली. हे तिनं पत्रात लिहिलं होतं. ते पत्र आईला मी वाचून दाखवलं होतं. आमच्या घरात वाचता येणारा मी एकटाच. वडील सही करायचे, तीही थांबत थांबत. आईला माझ्या वाचण्याचा फार अभिमान होता. पत्र आलं की ती हातातलं काम टाकून, पदर सारखा करून, जणू कुणी पाहुणा आलाय अशी समोर बसायची.

दुसऱ्या पंचमीला मुराळी म्हणून माझी निवड झाली. सणाला सासरहून बहिणीला आणायला जो भाऊ जातो तो मुराळी. आमच्याकडे मुराळी दारात आल्याशिवाय लेक माहेरी निघत नाही, सासरच्यांनी कितीही आनंदानं धाडायचं म्हटलं तरी. तो मान माहेरचा. मला तेरावं वर्ष होतं. नवा पांढरा शर्ट शिवला, नवी टोपी घेतली. आईनं शेंगदाण्याचे लाडू आणि करंज्या फडक्यात बांधून पिशवीत घातल्या. ती विहिणीसाठी शिदोरी. वडिलांनी जाण्यायेण्याचं भाडं मोजून दिलं आणि वर थोडी मोड. पहाटेच्या गाडीपर्यंत आई माझ्याबरोबर फाट्यावर आली. सगळ्या वाटेनं एकच घोकत होती.

"वाटंत कुठं उतरू नको, दत्तू. गाडी थांबली तरी जागा सोडू नको. बारा वाजायच्या आत पोच. तिची सासू जेवायला घालील, जेव, आन् दुपारच्या गाडीनं तिला घिऊन नीघ. मी दिवं लागायच्या आत हितं उभी राहते."

"व्हय गं. किती येळा सांगशील."

"दीड वरीस झालं पोरीला बघून," ती म्हणाली आणि माझी टोपी उगाचच नीट केली.

नगरला गाडी बदलली. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या तोंडी अजून नगरच येतं. शिर्डीच्या गाडीत निम्मी गर्दी माझ्यासारख्यांचीच होती. नव्या टोप्या, मांडीवर पिशव्या, पिशव्यांना तुपाचे डाग. एक मिशाळ मुराळी दुसऱ्याला म्हणत होता, "आमची बहीन मोटारीत बसली की पार घर येईस्तोवर सासूच्या नकला करती." सगळी गाडी हसली. मीही मोठ्या माणसासारखा हसलो. राहुरी गेलं, आणि ऊन चढलं तशी गाडी तापत गेली. कोल्हारला प्रवरेच्या पुलाजवळ कंडक्टर म्हणाला, "धा मिंटं. चहापानी करून घ्या." आईचं सांगणं मला आठवत होतं. पण उतारूंची रांग दारातून उतरत होती, आणि खिडकीतून मला बर्फ दिसला.

लाकडी भुशात गुंडाळलेली ती लादी होती. एक जाडगेला माणूस सुताराच्या रंध्यासारख्या लाकडी यंत्रावर तिचा तुकडा घासत होता आणि खाली पांढरा चुरा पडत होता. त्याच्या गाडीवर बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, लाल, हिरव्या, पिवळ्या, आणि त्यांच्यामागून ऊन येत होतं. शेजारी भेळवाला. तो मुरमुरे, शेव, कांदा आणि चिंचेचं पाणी एका पातेल्यात टाकून पळीनं असा खडखडाट करायचा की आमच्या गावच्या ताशाची आठवण यावी. मी पिशवी उचलली आणि उतरलो.

"या मुराळी!" सरबतवाला म्हणाला. "बहिनीला आनायला निघाले जनू. असं तापल्या तोंडानं गेला तर सासू म्हनंल, पावना हाय का निखारा? गार होऊन जा."

त्यानं जाड काचेच्या पेल्यात लाल पाक ओतला, भिजलेला सब्जा टाकला, वर बर्फाचा चुरा दाबला. पहिला घोट घेतला तेव्हा माझे दात कळवळले आणि डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं काहीतरी बिघडलं. मग ते गोड घशातून छातीत उतरलं आणि तिथंच थांबलं. त्या एका घोटाचं वर्णन मी आयुष्यभर शाळेत मुलांना निबंध शिकवूनही करू शकलो नाही. पेला संपवला आणि भेळ मागितली. भेळ तिखट, म्हणून पुन्हा सरबत मागितलं. ते हातात आलं आणि गाडीची घंटा वाजली.

"ए मुराळी, चल!" कंडक्टर पायरीवरून ओरडला.

माझ्या हातात भरलेला पेला होता. बर्फ अजून तसाच वर होता. एका दमात प्यायलो असतो किंवा टाकून पळालो असतो तर गाडी मिळाली असती. वीस पावलांवर उभी होती. हे मी इतकं स्पष्ट लिहितो आहे, कारण गाडी बिघडली असं मी पुढं अक्काच्या सासरी सांगितलं. गाडी बिघडली नाही, आणि चुकलीही नाही.

"तुमी जावा. मी मागच्या गाडीनं येतो," मी म्हणालो.

"तिकीट वाया जाईल रं येड्या!"

"जाऊ द्या."

मिशाळ मुराळ्यानं खिडकीतून डोकं काढून माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. गाडी पुलावर चढली. मी दुसरं सरबत सावकाश प्यालो. अर्धं अंगावर सांडलं, तेही मजेनं झटकलं.

मागची गाडी आली ती खचाखच भरून, थांबलीच नाही. तिच्या मागची आलीच नाही. सरबतवाला दोनदा म्हणाला, "आता काय पेता? बसा सावलीत." तोंडातली चव तोपर्यंत आंबट झाली होती. तीन वाजता एका गाडीत दांडीला लोंबकळून जागा मिळाली. राहात्याच्या अलीकडं फाट्यावर उतरून मैलभर चालत गेलो, तेव्हा ऊन कललं होतं.

अंगणात निळी पत्र्याची पेटी होती. तिच्यावर अक्का बसली होती, नवं लुगडं नेसून, केसांत फूल. मला पाहून ती उठली आणि हसली नाही. आतून तिच्या सासूबाई आल्या. उंच, हाडकुळी बाई, हात शेणानं भरलेले. त्यांना मी मावशी म्हणायचो.

"दत्तू, काय रं पोरा हे," त्या म्हणाल्या. "शांताचा भाऊ सकाळी आठाला येऊन बसला व्हता. मी त्याला म्हनलं, गेल्या साली शांता गेली, यंदा सुमीची पाळी, तू चहा पिऊन नीघ. तो म्हनला, तिचा मुराळी न्हाईच आला तर? मी म्हनलं, येतो, त्या घरचा शबद हाय. बाराची गाडी बघितली. एकची बघितली. दोनची बघितली. तीनला ते पोरगं रडकुंडीला आलं. मग मी शांताला हो म्हनले. आता काय करू, तूच सांग. ह्यास्नी उचलायला एकटीच्यानं व्हत न्हाई मला."

"गाडी बिघडली," मी म्हणालो. "कोल्हारला."

"गाडीला काय म्हनायचं," मावशी म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

अक्का मला न्हाणीशी घेऊन गेली. तिथं पाणी ओतताना तिला माझ्या शर्टावरचा लाल डाग दिसला, छातीपासून पोटापर्यंत. तिनं बोट लावून ते नाकाशी नेलं. शर्ट काढायला लावला आणि दगडावर घासू लागली. "आईला दिसंल," एवढंच म्हणाली. डाग पुरता गेला नाही, फिकट गुलाबी राहिला. ती घासत असताना तिच्या केसांतलं फूल पाण्यात पडलं, आणि तिनं ते उचललं नाही.

त्या घरात मला रात्रभर कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. सकाळी निघताना मावशींनी पिशवीत पेरू भरले, मोठे, अजून देठाला पानं असलेले. "विहीनबाईंना सांग," त्या म्हणाल्या, "माझ्या हातून चुकलं म्हनावं, आनखी तासभर थांबाया पायजे व्हतं. दिवाळीला मुराळी धाडा, पंधरा दिस ठिवून घ्या पोरीला. माझा शबद हाय." चूक माझी, आणि माफी त्या मागत होत्या.

घरी जाऊन काय सांगायचं याचा विचार मी राहुरीपर्यंत केला. गाडी बिघडली म्हणावं, तर आमच्या वरच्या आळीचा एक जण त्या दिवशी त्याच रस्त्यानं गेला होता; वाटेत कुठली गाडी बिघडली नव्हती, हे तो सांगेल. विचार करता करता मला दुसरं सुचलं, आणि ते इतकं सोपं होतं की मी चटकन धरलं. पण त्या गोष्टीत पेरू बसत नव्हते. कठोर सासू पेरू देत नाही. नगरच्या स्टँडवर मी दोन पेरू खाल्ले आणि उरलेले बाकाखाली ठेवून गाडीत बसलो.

आई फाट्यावरच होती. आदल्या संध्याकाळी शेवटची गाडी जाईपर्यंत उभी राहिली होती, सणाच्या दिवशी पुन्हा येऊन उभी होती. मागं गावात लिंबाला झोके बांधलेले दिसत होते. गाडीतून मी एकटा उतरलो.

"सुमी?"

"तिच्या सासूनं धाडली न्हाई," मी म्हणालो. "थोरलीला धाडली. हिला म्हनली, तू ऱ्हा."

"तू गेला व्हतास ना येळेवर?"

"व्हय."

आईनं माझ्या शर्टाकडं पाहिलं की नाही, मला आठवत नाही. तिनं पिशवी हातात घेतली. ती रिकामी होती. "शिदोरी घेतली आन् उलटं एक चिटूक सुदीक दिलं न्हाई," ती म्हणाली. घरी आल्यावर तिनं पुरणाची दिंडं उकडली, आम्हाला वाढली आणि स्वतः चुलीकडं तोंड करून बसली. वडिलांनी काही म्हणायला तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, "आता त्यांनी पोर आनून सोडल्याबिगर माझा मुराळी त्या दारात जायचा न्हाई."

एवढ्यावरही मोडलेलं जुळलं असतं. दिवाळीच्या आधी अक्काचं पत्र आलं. आई पदर सारखा करून समोर बसली. मी वाचू लागलो. म्हैस व्याली, सासरे काठीवर चालू लागले, पाऊस बरा झाला. मग एक ओळ होती: "आत्याबाई रोज मुराळ्याची वाट बघतात, दत्तूला लवकर धाडा." सासूला ती आत्याबाई म्हणते. माझी जीभ त्या ओळीपाशी आली आणि पुढच्या ओळीवर उतरली. "सर्वांना नमस्कार," मी वाचलं.

"यायचं काय लिव्हलंय?" आईनं विचारलं.

"काय न्हाई."

आईनं पत्र माझ्या हातून घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि दिवळीत ठेवलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण पुढं कितीतरी दिवस ती ते काढून बघायची. तिकडं ते मुराळ्याची वाट बघत राहिले, इकडं ही लेकीची वाट बघत राहिली, आणि दोन्ही घरांना वाटलं की समोरचा ताठ आहे. आणखी पत्रं आली. तीही मीच वाचली. अक्काचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं, मावशींनीच केलं. बारशाला आमच्याकडून कुणी गेलं नाही. वडील आईच्या शब्दाबाहेर नव्हते. ते वारले तेव्हा अक्का आली. अशा वेळी मुराळी लागत नाही. साडेचार वर्षांनी तिला वडिलांचं तोंड दिसलं ते असं. तिच्याबरोबर मावशीही आल्या होत्या. आईनं त्यांच्याकडं पाठ केली. मावशी गोठ्यापाशी माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "दत्तू, ते पेरू पोचले व्हते का रं?" मी म्हणालो, "व्हय."

त्यानंतर अक्काचं येणंजाणं सुरू झालं, पण आई त्या घराची पायरी कधी चढली नाही. अक्का सासूची बाजू सांगू लागली की आई म्हणायची, "भेतीस तिला, मला कळतं." अक्काला वाटायचं, मला सोडून थोरलीला धाडलं याचाच आईला राग आहे. मी शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो, गावात कुणाचा कागद वाचायचा असला की माझ्याकडं आणू लागले. आई त्या बाईला दगडाच्या काळजाची म्हणत म्हणतच वारली. मावशी मागच्या वर्षी गेल्या, खूप म्हाताऱ्या होऊन. त्यांच्या दहाव्याला आमच्या गावचा एक जण माझ्या कानाशी म्हणाला, "हीच ना ती, पंचमीला पोर न धाडणारी?" मी नदीकडं बघत राहिलो. अक्कानं ते ऐकलं.

यंदा मी हट्टानं मुराळी म्हणून गेलो. मुलगा म्हणाला, गाडी करून देतो. मी एसटीनंच गेलो. अक्का आता ऐंशीकडं झुकली आहे. येताना कोल्हारला गाडी थांबली तेव्हा तीच म्हणाली, "उतरू. तुजं ते लाल पानी पिऊ."

"तुला कसं ठाऊक?"

"शर्ट कुनी धुतला रं?" ती हसली. "सब्ज्याचं बी व्हतं खिशात. दोन पेले तरी प्याला असशील. लई हसले व्हते मी नंतर."

तिनं इतकी वर्षं ते लेकराचं खाणं म्हणून सोडून दिलं होतं. आम्ही बाकड्यावर बसलो. दोन पेले आले. तिनं अजून तोंडाला लावला नव्हता, आणि मी सांगून टाकलं. फाट्यावर काय बोललो ते, पेरू, आणि पत्र. ती ऐकत होती. भेळवाल्याची पळी वाजत होती.

"आत्याबाई दिवाळीपातूर दर गाडीला दारात यायच्या," ती म्हणाली. "मला इचारायच्या, बघ गं, टोपी दिसती का. पुढं म्हनायच्या, माझाच शबद हलका पडला." मग म्हणाली, "त्या पत्रातली ती वळ. ध्यानात हाय तुझ्या?"

"आहे."

"वाच."

"इथं?"

"आईला ऐकू जाईल असं वाच."

मी म्हणालो, "आत्याबाई रोज मुराळ्याची वाट बघतात, दत्तूला लवकर धाडा." भेळवाल्यानं मान वर करून पाहिलं. आयुष्यभर वर्गात मोठ्यानं वाचणाऱ्या माणसाचा आवाज एवढ्याशा ओळीत दोनदा तुटला.

अक्कानं पेल्यातलं सरबत कडेच्या मातीत ओतलं आणि पेला जागेवर ठेवला. पिशवी उचलली, रस्ता ओलांडला आणि शिर्डीकडं जाणाऱ्या गाडीला हात केला. मी मागं धावलो.

"अक्का, पंचमी हाय उद्या. घरी काय सांगू?"

ती पायरीवर चढली होती. दांडी धरून वळली. "मुराळी उशिरा आला म्हून सांग," ती म्हणाली. "यंदा तरी खरं सांग."

गाडी गेली. मी नगरच्या गाडीत बसलो आणि मध्ये कुठं उतरलो नाही. घरी पोचलो तेव्हा बायको दारात होती, सुना लाह्या भाजत होत्या, नातवंडं फाट्याकडून माझ्या मागं पळत आली होती. "वन्सं कुठायत?" बायकोनं विचारलं. मी टोपी काढली, ओट्यावर बसलो आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. "मुराळी उशिरा आला," मी म्हणालो, आणि पहिल्या पेल्यापासून सांगायला लागलो. आत खापरावर लाह्या करपल्याचा वास आला, पण कुणी उठलं नाही.